नाल्याचं माप आणि गावाची वही

आखाजी झाली की चाळीसगाव तालुक्यात नाल्याच्या कामाला थोडेच दिवस उरतात. माहेरी आलेल्या लेकी सासरी परततात, पऱ्हाटी उपटून रानं मोकळी झालेली असतात आणि मृगाला महिना-सव्वा महिना असतो. नाला कोरडाठाक, काठची शेतं रिकामी आणि ट्रॅक्टरला वाट मोकळी, असं वर्षातून एकदाच जुळतं. एकदा पेरणी झाली की काठावरून चाकही फिरवता येत नाही. त्यामुळे पाणी अडवायचं सगळं काम ऐन उन्हातच करावं लागतं.

तालुक्याच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे. पाटणादेवीचं रान आणि १९८६ मध्ये जाहीर झालेलं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य याच रांगेत येतं. पावसाचं पाणी तिथून उत्तरेकडे उतरतं, ओढ्या-नाल्यांतून तितूर, डोंगरी, मन्याड या नद्यांना मिळतं आणि पुढे गिरणेच्या खोऱ्यात जातं. उतार मोठा, मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण, म्हणून पाणी थांबत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे या नद्या चाळीसगाव शहरात शिरल्या, गुरं वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पण ज्या शिवारांतून हे पाणी गेलं, तिथल्या कित्येक विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवतात. इथे वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, म्हणजे वर्षभरात हेक्टरी पासष्ट लाख लिटर. एवढं पाणी आभाळातून मिळत असताना गावाला टँकरची वाट पाहावी लागत असेल, तर त्यातलं किती आपण थांबवलं, हे मोजायला हवं.

या भागात ‘मिशन ५०० कोटी लिटर जलसाठा’ हे नाव आता ओळखीचं आहे. भारतीय महसूल सेवेतले अधिकारी डॉ. उज्ज्वलकुमार चव्हाण यांच्या पुढाकारातून चाळीसगाव आणि शेजारच्या भडगाव तालुक्यांत ही चळवळ उभी राहिली. गावातली धडपडी माणसं एकत्र आणायची, यंत्र मिळवायचं, लोकवर्गणी उभी करायची आणि आपला नाला आपणच खोल करायचा, हा तिचा गाभा. पाचशे कोटी लिटर म्हणजे पन्नास लाख घनमीटर. शंभर मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खोदलेल्या नाल्यात दोन हजार घनमीटर, म्हणजे वीस लाख लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर झाले हे. अशा अडीच हजार तुकड्यांत मिळून पाचशे कोटी लिटर एका भरण्यात साठतं. आकडा असा फोडून सांगितला की तो छातीवर दडपण आणत नाही, आपल्या वाट्याचा तुकडा कोणता एवढंच माणूस विचारतो.

डोंगराच्या पायथ्याजवळच्या एका गावात हे काम मी सुरुवातीपासून जवळून पाहिलं. यंत्र येण्याच्या कितीतरी आधी शिवारफेरी निघाली. सकाळी उन्हं चढण्याआधी पंधरा-वीस माणसं नाल्याच्या तोंडापासून खाली चालत निघाली. पुढे आप्पा, सत्तरीच्या पलीकडचे. कोणत्या वळणावर पूर्वी डोह होता, कुठे पोळ्यापर्यंत पाणी राहायचं, कोणाची विहीर नाल्याला ‘लागते’ आणि कोणाची नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मागून येणारा कृषी पदविकेचा तरुण ते मोबाइलच्या नकाशावर टिपत होता. वाटेत आप्पांनी एक जागा दाखवून स्पष्ट सांगितलं, “आठे खोदू नका.” तिथे वरवरच्या गाळाखाली लगेच काळा पाषाण होता. पाणी साठलं असतं, पण जिरलं नसतं, उन्हानेच उडालं असतं.

जागा ठरवताना हेच सर्वांत महत्त्वाचं. नाल्याच्या काठाची कापलेली बाजू नीट पाहिली की जमिनीचे थर उघडे दिसतात. वर हात-दीड हात काळी माती, तिच्याखाली गाळाचा चिकट पट्टा, मग पिवळसर-तांबूस मुरूम, त्याखाली ठिसूळ मांजऱ्या आणि तळाशी अखंड पाषाण. पाणी जिरतं ते मुरमात आणि मांजऱ्यात. गाळाचा चिकट थर या दोघांचं तोंड बुजवून बसलेला असतो. तो काढायचा, मुरूम उघडा करायचा आणि थांबायचं. आप्पा खाली उतरले, मुरमाचा एक गोळा हातात घेऊन अंगठ्याने दाबला. तो भुरभुरून बोटांतून गळाला, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि तरुणाने तिथे चुन्याची रेघ मारली.

खोलीला मर्यादा हवी. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरमध्ये भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून सिमेंटचे बंधारे घालण्याचं जे काम केलं, त्याने खानदेशाला मोठी उमेद दिली. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर गेलं. पण तापीकाठचा गाळाचा प्रदेश वेगळा आणि चाळीसगावचा पाषाण वेगळा. एका ठिकाणचं माप डोळे मिटून दुसरीकडे लावलं तर पोकलेन वाळू आणि मुरूम दोन्ही ओरबाडून नेतं, वरच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं आणि खालच्यांशी भांडण सुरू होतं. म्हणून या गावाने दोन नियम पाळले. पाषाण लागायच्या आत थांबायचं आणि सलग चर न काढता मध्ये मध्ये मूळ तळाचे आडवे पट्टे तसेच ठेवायचे. त्या पट्ट्यांमुळे नाल्यात एकामागून एक डोह तयार होतात. एक भरला की पाणी दुसऱ्यात, तो भरला की तिसऱ्यात.

नाल्याच्या डोक्यावर डोंगरउतार उघडा असेल तर खालचं सगळं खोदकाम दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरून निघतं. म्हणून माथा ते पायथा हा क्रम. गावाच्या हद्दीतल्या उतारावर आधी समतल चर निघाले. चराची रेघ आखायला लाकडाची ‘ए’च्या आकाराची चौकट पुरते. मधल्या आडव्या काठीवर खूण, वरून दोरीला बांधलेला दगड. दोरी खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत. शाळेतल्या मुली ही चौकट घेऊन उतारावर आडव्या सरकत होत्या आणि मागे श्रमदानाला आलेली माणसं कुदळ-फावडं चालवत होती. न्याहारीला घराघरांतून कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. यंत्राला पैसे लागतात, उताराला हात लागतात. दोन्ही एकाच गावातून उभे राहिले तरच काम पुरं होतं.

यंत्र आलं तेव्हा खरी कसोटी लागली. पोकलेन तासाला बारा-पंधरा लिटर डिझेल पितं. संस्था यंत्र देते आणि डिझेल गावाने भरायचं, ही पद्धत गेल्या दशकात राज्यभर रुळली आहे, आणि ती चांगली आहे. फुकट मिळालेलं यंत्र गाव दिवसभर कुठेही फिरवतं. स्वतःच्या पैशाचं डिझेल असलं की दर तासाला कोणीतरी काठावर उभा राहून पाहतो. या गावात डिझेलचे पैसे तीन वाटांनी आले. नाल्याकाठच्या शेतकऱ्यांनी विहिरीमागे ठरावीक रक्कम दिली, सुरत आणि पुण्यात कामाला गेलेल्या तरुणांनी पाठवले आणि ज्यांची शेती नाल्यापासून दूर आहे त्यांनी आपले ट्रॅक्टर गाळ ओढायला लावले. साधारण शंभर घनफुटांची एक ट्रॉली धरली, तर दोन हजार घनमीटरच्या एका तुकड्यातून सातशेच्या वर ट्रॉल्या माल निघतो. तो टाकायचा कुठे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. काठावरच ढीग घातला तर पहिल्या पावसात तो परत नाल्यात येतो.

गाळावरूनच पहिली कुरबुर झाली. हलक्या रानात चार बोटं गाळ पसरला की कपाशीचा आणि लिंबाच्या बागेचा रंग बदलतो, हे सर्वांना ठाऊक. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून हेच सांगत आली आहे. त्यामुळे गाळ सर्वांना हवा, मुरूम कोणालाच नको. शिवाय नाला रुंद करायचा म्हणजे दोन्ही काठच्या शेतकऱ्यांचा हात-दोन हात बांध जाणार. संध्याकाळी मारुतीच्या पारावर आवाज चढले. मग एका म्हाताऱ्या काकूंनी मध्येच ऐकवलं, “पानी एकलानं नही, बठासनं शे.” पाणी एकट्याचं नाही, सर्वांचं आहे. ठरलं असं की ज्याचा बांध जाईल त्याला गाळाच्या पहिल्या ट्रॉल्या, मग अल्पभूधारकांना, मग बाकीच्यांना, आणि मुरूम शिवाररस्त्यावर. हा ठराव वहीत लिहिला गेला. खाली सह्या आणि अंगठे.

ती वही म्हणजे लाल पुठ्ठ्याची, दुकानात मिळते तशी. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. यंत्राचा सुरू होण्याचा आणि थांबण्याचा मीटर, त्या दिवसाचं डिझेल, कोणी किती ट्रॉल्या नेल्या, पंक्चरचे पैसे. रोज रात्री त्या पानाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर जायचा. सुरतेतल्या पोराला आपण दिलेल्या पैशांचं डिझेल कोणत्या वळणावर जळलं ते दिसायचं. एकदा मीटरच्या नोंदीत तासाभराचा फरक निघाला. रात्रीच बैठक बसली, चालक आणि लिहिणारा समोरासमोर आले, चूक सापडली, दुरुस्ती झाली आणि सकाळी काम पुन्हा सुरू झालं. त्या तासाचा निकाल लागला नसता तर पुढची वर्गणी आली नसती, हे मला त्या रात्री कळलं. पर्यावरणाचं काम करणाऱ्यांच्या गटांना जोडून ठेवणारी गोष्ट म्हणजे अशी उघडी वही.

वहीच्या मागच्या पानांवर मापं आहेत. खोदलेला नाला पेटीसारखा चौकोनी नसतो. वर रुंद, तळाशी अरुंद, कुठे खोल, कुठे उथळ. म्हणून टेप घेऊन ठिकठिकाणी रुंदी आणि खोली घ्यायची, दोन्हींची वेगवेगळी बेरीज करून जितक्या ठिकाणी मोजलं त्या संख्येने भागायचं आणि आलेल्या सरासरी रुंदीला सरासरी खोलीने आणि लांबीने गुणायचं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त खातव्यवहार नावाचं प्रकरण आहे, त्यात खड्ड्याचं घनफळ काढण्याची हीच रीत आहे. आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद ज्या शिलालेखात आहे, तो याच तालुक्यातल्या पाटणचा, पाटणादेवीच्या परिसरातला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो जगापुढे आणला. आठशे वर्षांपूर्वी ज्या डोंगराखाली खड्ड्याचं गणित शिकवलं गेलं, तिथल्या नाल्यात आज शेतकऱ्यांची मुलं टेप धरून तेच गणित मांडतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पाऊस आल्यावर वहीत विहिरी आल्या. काही विहिरींच्या काठावर रंगाची खूण केली आहे. तिथून दगड बांधलेली दोरी सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, तेही पहाटे, मोटारी सुरू होण्याआधी, कारण रात्रभरात विहीर आपल्या खऱ्या पातळीवर येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते, पण तिच्याकडे प्रत्येक नाल्याकाठची विहीर नसते. ती नोंद गावालाच करावी लागते.

खरी अडचण पाणी आल्यानंतर सुरू होते. विहीर दिवाळीनंतरही भरलेली दिसली की कोणी उसाचा विचार करतो, कोणी नाल्याला खेटून बोअर घेतो. दहा हातांनी अडवलेलं पाणी दोन मोटारी महिन्याभरात उपसू शकतात. याचं उत्तर खानदेशाच्या मातीत जुनंच आहे. पांझरेच्या काठी शेकडो वर्षं चाललेल्या फड पद्धतीत बंधारा सर्वांचा, पाटाची देखभाल सर्वांची, पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या गावाने नेमलेला. पाणी कमी असलं की भिजणारे फडच, म्हणजे शेतांचे गटच, कमी करायचे. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असे, म्हणून तोटाही सर्वांच्या वाट्याला सारखाच येई. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने अशीच शिस्त लावून जंगल राखलं, जंगलाने पाणी राखलं, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे साधनाआधी शिस्त ठरली होती.

या गावानेही आता नाल्यालगत नवा बोअर घ्यायचा नाही आणि उन्हाळी पीक पाणी पाहूनच ठरवायचं, असं वहीत लिहून घेतलं आहे. ते पाळलं जाणं सोपं नाही. चांगला पाऊस झालेल्या वर्षी नियम ढिला होतो, हे गावकरीच सांगतात. म्हणून दरवर्षी नव्याने वाचन हवं.

नाला खोदायला यंत्र सगळीकडे मिळतं. सरकार देतं, संस्था देतात, कंपन्यांचा निधीही येतो. पण खोदलेलं टिकतं ते जिथे माप लिहिलं जातं आणि हिशोब उघडा असतो तिथेच, हा माझा अनुभवाचा निष्कर्ष आहे. तेव्हा चाळीसगावच्या, भडगावच्या आणि कुठल्याही गावच्या वाचकांना एकच विनंती. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा, आपल्या गावच्या विहिरींची पातळी आणि नाल्याचं माप तिथे मोठ्याने वाचायला लावा, आणि रब्बीला कोण काय पेरणार हे त्यानंतरच ठरवा. गावात अशी वही नसेल तर ती विकत घेऊन पहिलं पान तुम्हीच लिहा.