परसातील कोंबड्या : विक्रीसाठी नव्हे, ताटासाठी

कुक्कुटपालन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लांबलचक शेड, हजार पिले आणि बँकेचे कर्ज उभे राहते. आम्ही बँकेत नोकरीला असल्यामुळे तरुण मंडळी आमच्याकडेही हाच विषय घेऊन येतात. त्या धंद्याविषयी येथे लिहायचे नाही. महागावसारख्या ठिकाणी ज्यांच्या नावे सातबारा नाही, पण घरामागे दहा-पंधरा हात मोकळी जागा आहे, अशा कुटुंबाने स्वतःच्या खाण्यासाठी आठ-दहा कोंबड्या कशा राखाव्यात एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यातही कोंबड्या मरतात कशाने यावर अधिक लिहू, कारण पाळण्याचे शिक्षण आपल्या आयाबायांना कुणी द्यावे लागत नाही.

प्रथम हिशेब पाहू. माणशी वर्षाला १८० अंडी, म्हणजे दिवसाआड एक अंडे आहारात असावे, अशी पोषणशास्त्रज्ञांची शिफारस आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि तीही उत्तम प्रतीची. पाच माणसांच्या घराला अशी वर्षाला ९०० अंडी लागतील. आपली गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, तीही तीन-चार खेपांत. मधल्या काळात ती खुडुक बसते किंवा पिले घेऊन फिरते. म्हणजे ९०० अंड्यांसाठी बारा ते पंधरा गावरान कोंबड्या हव्यात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८९ साली दिलेली गिरिराज ही सुधारित जात नीट सांभाळल्यास १३०-१४० अंडी देते, तेव्हा तेवढ्याच अंड्यांना सात पुरतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राची वनराजा ही जातही परसासाठीच तयार केलेली आहे.

मग गावरान कोंबडी सोडून द्यावी काय? आमच्या मते नाही. सुधारित कोंबडी सहसा अंड्यांवर बसत नाही, तिचे वजन अधिक असल्याने ती मुंगसाच्या तावडीतून उडून सुटत नाही, आणि तिच्या पिढ्या घरीच वाढवत गेल्यास पुढे अंडी कमी होत जातात. गावरान कोंबडी मात्र दहा-बारा अंडी पोटाखाली घेऊन २१ दिवसांत पिले काढते आणि घार दिसताच त्यांना पंखाखाली घेते. बल्ब लावून पिलांना ऊब देण्याचा खर्च ती वाचवते. चार-पाच सुधारित आणि दोन-तीन गावरान असे मिश्रण घरासाठी बरे. अंडी बसवल्यावर सातव्या रात्री अंधारात विजेरीच्या उजेडात धरून पाहावे. ज्यात लाल शिरांचे जाळे दिसत नाही ते अंडे वांझ समजून काढून टाकावे.

अंड्यांच्या बाबतीत पहिल्या शीलाचा प्रश्न आपल्यापैकी काही जण विचारतात. कोंबडी कापायची की नाही हे ज्याच्या त्याच्या घरचे ठरेल. मात्र कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देतेच, आणि अशा अंड्यात जीव धरत नाही, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. उन्हाळ्यात याचा दुसराही फायदा आहे. फळलेल्या अंड्यात वैशाखाच्या उष्म्याने आपोआप वाढ सुरू होते व ते लवकर नासते. बिनकोंबड्याचे अंडे त्या मानाने टिकते.

खाद्य विकत घेऊन परसातील कोंबडी परवडत नाही. तिने उकिरडा उकरून, किडे, वाळवी, सांडलेले दाणे वेचून अर्धे पोट भरावे आणि उरलेले अर्धे आपण द्यावे. पक्ष्यामागे रोज ५० ग्रॅम धरले तर सात पक्ष्यांना महिन्याला दहा-साडेदहा किलो लागेल. ज्वारीच्या कण्या, तांदळाची चुरी, कोंडा, शेवग्याचा पाला हे सर्व चालते. अंड्यांची टरफले भाजून, चुरून परत खाद्यात घालावीत, कवच मजबूत होते. आपल्या भागात सोयाबीन मुबलक आहे, परंतु ते कच्चे घालू नये. त्यात प्रथिने पचू न देणारा अंश असतो, तो चांगले भाजल्याने नष्ट होतो. सरकी व सरकीची ढेप बैलाला ठीक, कोंबडीला नको. त्यातील गॉसिपॉल या द्रव्याने अंड्याचा बलक हिरवट-काळपट पडतो. आणि पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेले बियाणे अंगणात सांडू देऊ नये. फवारणीच्या विषाने किती माणसे गेली हे २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. पंप धुतलेले पाणी ज्या डबक्यात साचते तेच पाणी कोंबडी पिते, हे ध्यानात असू द्यावे.

खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच असावे आणि दार रात्री लावावे. राखेचा एक खड्डा ठेवावा, त्यात लोळून कोंबडी अंगावरच्या उवा-पिसवा झटकते. मे महिन्यात सावली व गार पाणी नसेल तर चांगली धडधाकट कोंबडी दुपारी धापा टाकून मरते.

आता मुख्य गोष्ट. मुंगूस एक-दोन नेते, घार पिलू नेते, पण एका आठवड्यात सगळे खुराडे रिकामे करते ती मानमोडी. शास्त्रीय भाषेत तिला राणीखेत म्हणतात. कुमाऊँमधील राणीखेत येथे १९२० च्या दशकात हा रोग ओळखला गेला म्हणून हे नाव. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, मान पिळणे, पाय लुळे पडणे ही लक्षणे होत. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. कुणी हळद देते, कुणी माणसाच्या गोळ्या फोडून घालते, त्याने काही होत नाही. उपाय आहे तो लसीचा, आणि तो आधीच करावा लागतो. पिलू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली टोचण्याची दुसरी लस.

इतके सोपे असूनही वस्तीत लस का होत नाही? निष्काळजीपणाला आम्ही दोष देणार नाही, दोष बाटलीच्या मापाचा आहे. लसीची कुपी सहसा शंभर किंवा त्याहून अधिक डोसांची येते. एकदा द्रावण मिसळले की ती दीड-दोन तासांत वापरून संपवावी लागते, तीही बर्फात ठेवून. ज्या घरी आठ कोंबड्या आहेत त्याने उरलेल्या ९२ थेंबांचे काय करावे? म्हणून कोणीच आणत नाही, आणि एका घरची मानमोडी साऱ्या वस्तीत फिरते. बारा घरांच्या आठ-आठ मिळून ९६ होतात. म्हणजे हे काम एका कुटुंबाचे नसून बारा कुटुंबांचे आहे, आणि आपल्या मंडळासारख्या संस्थेला ते सहज जमेल.

उन्हाळा लागण्यापूर्वी एक दिवस ठरवावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी बोलून ठेवावे. पहाटे, खुराडी उघडण्याआधी काम सुरू करावे, कारण एकदा बाहेर पडलेली कोंबडी धरणे हा वेगळाच खेळ आहे. दोन विद्यार्थ्यांनी थर्मास व बर्फ सांभाळावा, एकाने वहीत घर, पक्षी, वय आणि तारीख लिहावी. वही असल्याशिवाय दुसऱ्या डोसाची आठवण कुणालाच राहत नाही. आजारी पक्ष्याला लस देऊ नये.

वस्तीत रोग आल्यावर लोक घाईने कोंबड्या बाजारात नेऊन विकतात. त्यातूनच तो पुढच्या गावी जातो. मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरावा, कुत्र्यापुढे टाकू नये. बाजारातून आणलेली किंवा पाहुण्यांनी दिलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. अनेक पक्षी एकाएकी मेले तर दवाखान्याला कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू निघाला, तेव्हा परिसरातील पक्षी नष्ट करावे लागले. अशा रोगात मेलेला पक्षी हाताळणे माणसालाही धोक्याचे असते.

थर्मासात उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ती जिवंत विषाणूंची असते. कुपीसह पाण्यात उकळून मग पुरून टाकावी.