पहाडगंजात हिमकण का पडत नाहीत?

जानेवारीत दिल्लीला गेलेला मराठी माणूस पहाडगंजातल्या बृहन्महाराष्ट्र भवनात उतरतो आणि पहाटे कुडकुडतो. पण खालच्या गल्लीत त्याला हिमकण दिसायचे नाहीत. दिल्लीतली थंडी काही लेचीपेची नाही. सफदरजंगच्या वेधशाळेत 16 जानेवारी 1935 रोजी पारा उणे 0.6 अंशांवर उतरला होता, आणि पालमला 11 जानेवारी 1967 रोजी उणे 2.2 अंशांवर. तरीही हिमकण पडायचे तर ते मोकळ्या गवतावर. पाच-सहा किलोमीटरवरच्या दिल्ली गोल्फ क्लबसारख्या हिरवळीवर.

कारण आकाशात आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने वर सोडत राहते. गवताचं पातं बारीक, त्यात साठवलेली उष्णता नगण्य. त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही तीन-चार अंशांनी थंड होतं. तापमापक ठेवलेला असतो जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. तो 3 अंश दाखवत असताना खाली पात्यावर बर्फ धरू शकतो. पहाडगंजच्या बोळातून मात्र आकाशाची पट्टीच तेवढी दिसते. बाकी सगळ्या भिंती, आणि दिवसभर तापलेल्या त्या भिंती रात्रभर एकमेकींना ऊब परत करत बसतात.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हेच उलट घडतं. थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत तलावाच्या खोलगट भागात साचते. गावात नुसता गारठा असतो आणि तलावाजवळ गाड्यांच्या टपांवर पांढरा थर. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘महाबळेश्वर गोठलं’ असा मथळा येतो. गोठलेला असतो तो फक्त पृष्ठभाग, माती नव्हे.

म्हणूनच आपल्याकडचे हिमकण झटपट वितळतात. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळवायला 80 कॅलरी लागतात. चौरस मीटरभर गवतावर 100 ग्रॅम हिमकण धरले, तर झाल्या 8,000 कॅलरी. कोवळ्या उन्हातून गवतात 100 वॅट उष्णता मुरत असेल, तर हा हिशेब पाच-सहा मिनिटांत चुकता होतो. सावलीत मात्र तेच हिमकण तासभरही टिकतात. गंमत झाडांची आहे. रात्री झाड आकाश झाकतं, म्हणून त्याच्या बुंध्याशी हिमकण जवळजवळ धरत नाहीत. सकाळी त्याच झाडाची लांब सावली पलीकडच्या हिरवळीवर पडते आणि तिथले हिमकण राखून ठेवते. ऊन पुढे सरकतं तशी पांढऱ्या पट्ट्याची कडा मागे हटताना डोळ्यांना दिसते.

थंड देशांतल्या गोल्फ मैदानांचं दुखणं वेगळं. तिथे माती खोलवर गोठते आणि वसंतात वरचा थर आधी सुटतो. खालचा अजून दगडासारखा; पाणी मुरायला वाट नाही. अशा चिखलावर माणसं चालली की वरचा थर सरकतो, मुळं तुटतात. म्हणून ऊन लख्ख पडलेलं असलं तरी मैदान बंद ठेवतात, आणि खेळाडू चरफडतात.

नुसते हिमकण असले तरी गवतावर पाय देणं वाईटच. पात्यातलं पाणी गोठलेलं असेल तर दाबाने पेशी फुटतात आणि पुढच्या काही दिवसांत पावलांचे करपलेले ठसे उमटतात. वेण्णाकाठी हिमकण बघायला जाणार असाल तर सूर्योदयापूर्वी पोहोचा आणि फोटो पायवाटेवरूनच काढा.