लाइकचे पैसे होतात का?

मागच्या गॅदरिंगच्या टी-शर्टची गोष्ट आमच्या विंगमध्ये अजून निघते. इन्स्टाग्रामवर डिझाइन टाकलं आणि दोन दिवसांत चारशेवर लाइक्स! आम्ही खूश होऊन तीनशे शर्ट छापून घेतले. खपले एकशे दहा, बाकीचे कॉटखाली. शेवटी मेसच्या दारात टेबल मांडून, भाव पाडून विकले, तेव्हा कुठे छपाईवाल्याची उधारी फिटली. तेव्हापासून प्रश्न पडला आहे की सोशल मीडियावर एवढा गाजावाजा करणाऱ्या कंपन्यांना खरंच नफा होतो, की त्यांचाही माल कॉटखालीच?

तर मित्रांनो, आधी पेप्सीचं बघू. अमेरिकेत सुपर बोलचा सामना म्हणजे जाहिरातवाल्यांची दिवाळी. तिथे सलग २३ वर्षं दिसणाऱ्या पेप्सीने २०१० साली ती जाहिरात सोडली आणि 'पेप्सी रिफ्रेश' ही योजना काढली. लोकांनी समाजोपयोगी कल्पना सुचवायच्या, बाकीच्यांनी इंटरनेटवर मतं द्यायची, जिंकेल त्याला पैसे. त्यासाठी २ कोटी डॉलर बाजूला काढले होते. प्रतिसाद तुफान! ८ कोटींच्या आसपास मतं, फेसबुकवर ३५ लाखांच्या घरात लाइक्स. आणि विक्री? त्याच वर्षी पेप्सी दुसऱ्या नंबरवरून तिसऱ्यावर घसरली, डाएट कोक पुढे गेला. तेव्हा तिकडे एकूणच कोल्ड्रिंकचा खप उतरत होता, म्हणून सगळं खापर योजनेवर फोडणं बरोबर नाही. पण मत द्यायला बाटली विकत घ्यावी लागत नव्हती. इनपुट जोरदार, आउटपुटपर्यंत वायरच नाही! २०११ मध्ये कंपनी पेप्सी मॅक्सच्या जाहिराती घेऊन सुपर बोलमध्ये परत आली.

डेलचं उदाहरण याच्या उलट. ग्राहकांकडून परत आलेले, तपासून नीट केलेले कॉम्प्युटर डेल स्वस्तात विकायची. हा माल किती आणि कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे महागडी जाहिरात परवडत नाही. २००७ पासून त्यांनी ट्विटरवर (आताचं एक्स) सवलतीचे कूपन टाकायला सुरुवात केली. कूपन वापरलं की विक्री कुठून आली ते आपोआप कळतं. २००९ च्या अखेरीस ट्विटरमुळे झालेली विक्री ६५ लाख डॉलर असल्याचं कंपनीने सांगितलं. तेव्हा याचं केवढं कौतुक झालं! पण डेलची एका वर्षाची उलाढाल होती सुमारे ६१ अब्ज डॉलर. म्हणजे शंभर रुपयांत एक पैसा, तोही दोन-अडीच वर्षांत मिळून. तरी खर्चच जवळपास नव्हता, म्हणून सौदा फायद्याचा.

आता खरी मेख. कूपनवाल्यांपैकी किती जण एरवीही आलेच असते? हे शोधायची सरळ रीत म्हणजे जाहिरात बंद करून बघणं. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१७ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत डिजिटल जाहिरातींतून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम कापली. विक्रीवर परिणाम दिसला नाही, असं कंपनीनेच सांगितलं. अर्थात टाइड आणि एरियल घराघरात पोचलेले. काल उघडलेल्या वडापावच्या गाडीला हा हिशोब लावू नका. तिला लोकांना माहीत होण्यापासूनच सुरुवात करायची असते.

आणि 'फुकट आहे ना' हेही आता राहिलं नाही. ऑगिल्व्ही या जाहिरात कंपनीने मोजलं तर फेसबुक पेजची पोस्ट ऑक्टोबर २०१३ मध्ये पेजच्या सुमारे १२ टक्के चाहत्यांपर्यंत पोचत होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये ६ टक्के. बाकीच्यांपर्यंत जायचं तर पैसे मोजा. शिवाय फोटो काढणारा, पोस्ट लिहिणारा, रात्री दोनला तक्रारींना उत्तर देणारा माणूस लागतो, त्याचा पगार हिशोबात धरायला बहुतेक जण विसरतात.

यंदा आम्ही डिझाइनखाली ५० रुपये आगाऊ भरायचा क्यूआर कोड लावला आहे. काल रात्रीपर्यंत लाइक्स २६०, बुकिंग ४१. पंचेचाळीस छापतोय.