मोठा गेमिंग मॉनिटर की टीव्ही? कॉम्प्युटरसाठी स्क्रीन घेताना आधी अंतर मोजा

कॉम्प्युटरसाठी मोठी स्क्रीन घ्यायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, गेमिंग मॉनिटर घ्या, अभ्यासही होईल आणि गेमही. अब्बा म्हणतात, एवढ्या पैशात ४३ इंची टीव्ही येतो, मग २७ इंचांसाठी पैसे कशाला घालवायचे? अम्मीचा प्रश्न वेगळाच असतो, की हे ठेवणार कुठे? आमच्या मते तिघांचेही मुद्दे बरोबर आहेत. फक्त आधी कोणता प्रश्न सोडवायचा हे ठरत नाही आणि तिथेच पैसे वाया जातात.

आमच्या घरातही हेच झाले. मुलगी घरबसल्या दोन व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर तिचे डोळे दुखायचे, म्हणून आम्ही स्वस्तात मिळालेला ४३ इंची टीव्ही आणून तिच्या लॅपटॉपला जोडला. पहिल्या आठवड्यात सगळे खूश. मग एका महिन्याच्या हिशेबात ३ च्या जागी ८ वाचला गेला आणि येणे रक्कम चुकली. व्यापाऱ्याने समजून घेतले, पण मुलगी रडवेली झाली. चूक तिची नव्हती. तक्त्यातले लाल आकडे त्या टीव्हीवर फिसकटलेले दिसत होते. असे का होते, ते शोधताना आम्हाला जे कळले ते इथे मांडत आहोत.

काच तीच, काम वेगळे

टीव्ही आणि मॉनिटर ही दोन वेगळी यंत्रे आहेत, असा अनेकांचा समज आहे. खरे तर आतली काच, म्हणजे पॅनेल, बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. २०२२ मध्ये एलजीने ४२ इंची ओएलईडी टीव्ही बाजारात आणला आणि तो कॉम्प्युटरला जोडणाऱ्यांमध्ये चांगलाच गाजला. त्याच वर्षी असुसने त्याच मापाचा ओएलईडी गेमिंग मॉनिटर काढला, तोही एलजीच्याच पॅनेलवर. त्याआधी, २०१९ मध्ये एचपीने ६५ इंची गेमिंग मॉनिटर विकायला काढला होता. किंमत होती जवळपास ५ हजार डॉलर. तेवढ्याच मापाचा चांगला ओएलईडी टीव्ही त्याहून कितीतरी कमी पैशात मिळत होता.

मग फरक कशात? काचेमागच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये. टीव्ही हा दुरून पाहायच्या चित्रासाठी बनवलेला असतो. आलेले चित्र तो आपल्या परीने ‘सुधारतो’, म्हणजे रंग भडक करतो, कडा टोकदार करतो, हालचाल गुळगुळीत करतो. मॉनिटर आलेले चित्र जसेच्या तसे दाखवतो. सिनेमा पाहताना टीव्हीची ही सुधारणा चालून जाते. अक्षर वाचताना मात्र ती नडते.

अंतर आणि ठिपके

स्क्रीनवरचे प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. ‘४के’ म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. ‘फुल एचडी’ म्हणजे १९२० बाय १०८०. स्क्रीन २४ इंची असो की ५५ इंची, ठिपके तेवढेच राहतात. स्क्रीन मोठी झाली की ते फक्त फुगतात. म्हणून एका इंचात किती ठिपके बसतात, ते पाहायचे.

मोजमापासाठी ऑफिसात दिसणारा साधा २४ इंची फुल एचडी मॉनिटर घेऊ. त्यात इंचाला सुमारे ९२ ठिपके असतात आणि हातभर अंतरावरून अक्षरे ठीक वाचता येतात. आता बाकीचे बघा.

२७ इंची, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा मॉनिटर: इंचाला सुमारे १०९.
३२ इंची ४के मॉनिटर: सुमारे १३८. अक्षर फार सुबक, पण बारीक. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ते १२५ किंवा १५० टक्के करावे लागते.
४३ इंची ४के टीव्ही: सुमारे १०२.
५५ इंची ४के टीव्ही: सुमारे ८०.
३२ इंची फुल एचडी टीव्ही: सुमारे ६९.
३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही: सुमारे ४९.

शेवटचे दोन आकडे नीट पाहा. ‘एवढा मोठा ३२ इंची टीव्ही आहे की घरात, त्यालाच लावू’ असे आपण म्हणतो. पण एचडी रेडी टीव्हीवर जवळ बसून वाचणे म्हणजे जाळीतून वाचण्यासारखे होते. याउलट ४३ इंची ४के टीव्ही कागदावर तरी ऑफिसच्या मॉनिटरपेक्षा सरस आहे. २१.५ इंचांचे चार फुल एचडी मॉनिटर एकमेकांना चिकटवले तर जेवढी जागा मिळते, तेवढी त्यात मिळते. म्हणजे अब्बांचा हिशेब अगदीच चुकीचा नाही.

पण अडचण अंतराची आहे. ४३ इंची स्क्रीन जवळपास ९५ सेंटिमीटर रुंद असते. दीड-दोन फुटांवर बसलात तर डावीकडून उजवीकडे बघताना मान फिरवावी लागते. तिच्यासाठी डोळे आणि स्क्रीन यांच्यात निदान तीन फूट हवेत, म्हणजे खोल टेबल किंवा भिंतीवरचा स्टँड हवा. ५५ इंचांना त्याहूनही जास्त. त्यामुळे दुकानात जाण्याआधी घरात टेप घेऊन अंतर मोजा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

लाल आकडे का फिसकटतात

आता आमच्या मुलीच्या लाल आकड्यांकडे येऊ. सिनेमाचे व्हिडिओ साठवताना जागा वाचवण्यासाठी उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवतात. याला ४:२:० म्हणतात. चेहरा, आकाश, समुद्र यात ते डोळ्याला कळत नाही. पण काळ्यावर लाल किंवा निळ्यावर लाल अक्षर आले की कडा विस्कटतात. कॉम्प्युटर प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा पाठवतो, त्याला ४:४:४ म्हणतात. मॉनिटर हे सहज दाखवतो. टीव्हींपैकी काही दाखवतात, काही ठरावीक सेटिंगमध्येच दाखवतात, आणि काही स्वस्त टीव्ही कधीच दाखवत नाहीत.

आमच्या टीव्हीत उपाय निघाला. रिमोटवरून त्या एचडीएमआय पोर्टला ‘पीसी’ असे नाव दिले आणि आकडे एकदम साफ झाले. त्यासोबत आणखी तीन गोष्टी केल्या. स्क्रीनच्या कडा कापल्या जात होत्या, त्यासाठी ‘जस्ट स्कॅन’ चालू केले. काही टीव्हींत याला ‘स्क्रीन फिट’ म्हणतात. ‘शार्पनेस’ खाली आणला. आणि दुकानात झगमगाट दिसावा म्हणून ठेवलेला ‘व्हिव्हिड’ मोड बदलला. ज्यांच्या घरी टीव्ही आधीच कॉम्प्युटरला जोडलेला आहे, त्यांनी नवीन काही घेण्याआधी या चार गोष्टी करून पाहाव्यात. फुकटात काम होऊ शकते.

केबल आणि पोर्टकडेही बघा. जुन्या लॅपटॉपमधला एचडीएमआय १.४ पोर्ट ४के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा पाठवतो. मग माऊसचा बाण मागे मागे राहतो आणि दोष टीव्हीला दिला जातो. ४के चित्र ६० वेळा हवे असेल तर एचडीएमआय २.० लागतो, १२० वेळा हवे असेल तर २.१. हे लॅपटॉप, केबल आणि टीव्ही या तिघांतही असायला हवे. मॉनिटरना असतो तो डिस्प्लेपोर्ट टीव्हीला सहसा नसतो.

मुलाचे म्हणणे: गेम

सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते हर्ट्झमध्ये मोजतात. स्वस्त टीव्ही ६० हर्ट्झचे असतात. खोक्यावर ‘मोशन रेट १२०’ असे काही छापलेले असेल तर त्यावर जाऊ नका. ती बऱ्याचदा जाहिरातीची भाषा असते. ‘रिफ्रेश रेट’ किती, हेच विचारा. गेमिंग मॉनिटर १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्तीचे असतात आणि गोळीबाराच्या, शर्यतीच्या गेममध्ये फरक जाणवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर ते दिसेपर्यंतचा उशीर. टीव्ही चित्र सुधारत बसतो म्हणून हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या आसपासही जाऊ शकतो. ‘गेम मोड’ चालू केला की तो बराच कमी होतो. पण लक्षात ठेवा, १४४ हर्ट्झचा फायदा घ्यायला कॉम्प्युटरही तेवढ्या ताकदीचा लागतो. साध्या लॅपटॉपला महागडा गेमिंग मॉनिटर लावला तर गेम वेगवान होत नाही. मुलाला आधी विचारा, बेटा, तुझा कॉम्प्युटर तेवढी चित्रे बनवतो का?

रोजच्या वापरातले मुद्दे

मॉनिटर कॉम्प्युटरसोबत झोपतो आणि जागा होतो. टीव्हीला बहुतेक वेळा रिमोटने चालू-बंद करावे लागते. बऱ्याच टीव्हींची काच चकचकीत असते; पाठीमागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर तीच समोर दिसते. टीव्ही भिंतीवर उंच लावलेला असतो, पण वाचणाऱ्यासाठी स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी, नाहीतर मान धरते. ओएलईडी स्क्रीनवर कॉम्प्युटरची खालची पट्टी तासन्‌तास तशीच राहिली तर कायमचा डाग पडू शकतो. म्हणून दिवसभर हिशेब किंवा कोडिंग करणाऱ्याने ओएलईडी घेताना विचार करावा.

विजेचा हिशेबही करा. स्क्रीनच्या मागे वॅट लिहिलेले असतात. समजा टीव्ही ८० वॅटचा आणि मॉनिटर २५ वॅटचा आहे, रोज ८ तास वापर आहे, तर महिन्याला साधारण १३ युनिटचा फरक पडतो.

किंमत बघताना एक बदल लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्ही आणि मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ‘३२ च्या वर गेलात तर कर जास्त’ हा जुना सल्ला आता लागू नाही. वॉरंटी मात्र तपासा. बऱ्याच मॉनिटरना ३ वर्षांची मिळते, टीव्हीला साधारणपणे १ वर्षाची.

आपल्याकडे अनेक घरांतून कोणी ना कोणी आखातात असतो. ‘चाचा येताना दुबईहून टीव्ही आणतील’ हे वाक्य कोकणात नवे नाही. पण ऑगस्ट २०१३ मध्ये सरकारने प्रवाशांच्या सामानातून येणाऱ्या फ्लॅट टीव्हीची करमाफी काढून घेतली. कस्टम ड्युटी, विमानाचे जादा वजन आणि वाटेत काच फुटण्याची भीती धरली तर स्वस्ताई उरत नाही. शिवाय तिथली वॉरंटी इथे चालेलच असे नाही. चाचांना आधी फोन करून सांगा.

दुकानात काय कराल

स्वतःचा लॅपटॉप आणि केबल सोबत न्या. दुकानदाराने लावलेला समुद्राचा आणि फुलांचा व्हिडिओ बाजूला ठेवा. तुमची रोजची फाईल उघडा. काळ्या आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे लिहा, घरात मोजलेल्या अंतरावर बसा आणि वाचा. माऊस गोल फिरवून बाण मागे पडतो का पाहा. बाजूला सरकून रंग फिके पडतात का तेही बघा. दहा मिनिटांचे काम आहे. ‘असं कोणी करत नाही साहेब’ असे दुकानदार म्हणाला, तर दुसरे दुकान बघा.

मग घ्यायचे काय?

रोज दोन-चार तास वाचणे, लिहिणे, हिशेब, ऑनलाइन क्लास असेल तर २७ इंची १४४० चा मॉनिटर किंवा ३२ इंची ४के मॉनिटर. गेमची आवड असेल आणि कॉम्प्युटर ताकदीचा असेल तर तोच मॉनिटर १४४ हर्ट्झचा घ्या. म्हणजे अभ्यास आणि गेम दोन्ही होतात. सोफ्यावर बसून गेम आणि सिनेमा हेच मुख्य काम असेल तर टीव्ही, तोही गेम मोड असलेला. आणि एकाच स्क्रीनवर सगळे भागवायचे असेल तर ४:४:४ दाखवणारा ४२-४३ इंची ४के टीव्ही आणि त्यासमोर तीन फुटांची जागा. ५५ इंची टीव्हीला कॉम्प्युटरचे टेबल समजू नका.

आमच्या घरचे काय झाले ते सांगायचे राहिले. आकडे साफ झाले, पण टीव्ही हॉलमध्ये होता. मेहमान आले की मुलीचे काम बंद. बातम्यांची वेळ झाली की काम बंद. रात्री सगळे झोपल्यावर ती हिशेब घेऊन बसायची. सेटिंग बदलून यावर उपाय निघणार नव्हता. शेवटी तिच्या खोलीतल्या छोट्या टेबलावर २७ इंची साधा मॉनिटर आला, टीव्ही हॉलमध्येच राहिला. आधी तिच्या बसण्याची जागा ठरवली असती तर एकदाच खर्च झाला असता. अम्मीचा प्रश्न, ‘हे ठेवणार कुठे?’, सगळ्यात आधी विचारायला हवा होता. तुम्ही तो दुकानात जाण्याआधी विचारा, आणि ज्याला स्क्रीनसमोर बसायचे आहे त्यालाच विचारा.