देवदूत, कुत्रा आणि सारेगम

भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा दिसला की तबकडीवरचं कंपनीचं नाव वाचायची कुणाला गरज पडत नसे. 'एचएमव्हीची रेकॉर्ड' म्हटलं की काम भागायचं. प्रत्यक्षात एचएमव्ही हे कंपनीचं नाव कधीच नव्हतं, तो नुसता छाप होता. कंपनीचं नाव ग्रामोफोन कंपनी. भारतातली तीच कंपनी आज 'सारेगम' म्हणून ओळखली जाते. सव्वाशे वर्षांत या कंपनीची नावं बदलली, चिन्हंही बदलली. नवं रूप घेऊन बघावं अशी हौस मात्र त्यामागे क्वचितच होती. कधी यंत्र बदललं, कधी कोर्टाचा निकाल लागला, कधी महायुद्ध आलं, तर कधी मालकच बदलला.

आधी होता देवदूत

एमिल बर्लिनर यांनी शोधलेली सपाट तबकडी विकण्यासाठी 1898 मध्ये लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी उभी राहिली. तिचं पहिलं चिन्ह होतं तबकडीवर बसून पिसाच्या लेखणीनं ध्वनी कोरणारा पंखवाला देवदूत. गाण्याचं हे खूळ फार दिवस टिकेलच याची चालकांना खात्री नव्हती. म्हणून 1900 मध्ये त्यांनी टाइपरायटर विकण्याचा जोडधंदा सुरू केला आणि कंपनीचं नाव झालं 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड'. टाइपरायटर काही चालला नाही, गाणं मात्र तुफान चाललं. 1907 मध्ये नावातलं ते शेपूट गळून पडलं.

भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण याच टाइपरायटरच्या काळातलं. नोव्हेंबर 1902 मध्ये कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून गाणं संपताच गायिका आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगत असे. कलकत्त्यात सियालदहला 1908 मध्ये कारखाना निघाला आणि हा द्राविडी प्राणायाम थांबला.

एका चित्राची डागडुजी

कुत्र्याचं नाव निपर. तो मूळचा ब्रिस्टलचा. त्याचा मालक वारल्यावर मालकाचा भाऊ, चित्रकार फ्रान्सिस बॅरो, यानं त्याला सांभाळलं. निपर 1895 मध्ये मेला. त्यानंतर तीनेक वर्षांनी बॅरोनं आठवणीतून त्याचं तैलचित्र काढलं. पण त्या चित्रात तबकडी नव्हती. निपर बसला होता एडिसनच्या पद्धतीच्या, मेणाचं नळकांडं फिरवणाऱ्या फोनोग्राफसमोर. एडिसन-बेल कंपनीला चित्र दाखवलं, तर तिला त्यात रस वाटला नाही.

फोनोग्राफचा काळा भोंगा चित्रात फार उदास दिसत होता. म्हणून एखादा पितळी भोंगा नमुन्याला मिळेल का, हे विचारायला बॅरो ग्रामोफोन कंपनीच्या कचेरीत गेला. तिथले व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन म्हणाले, यंत्र आमचं रंगवून दे, चित्र विकत घेतो. बॅरोनं फोनोग्राफवर रंगाचा थर दिला आणि त्या जागी ग्रामोफोन रंगवला. चित्राचे 50 पौंड आणि हक्काचे 50, असा 100 पौंडांत सौदा मिटला. मूळ चित्रावर तिरपा उजेड टाकला तर रंगाखालचा जुना फोनोग्राफ अजूनही जाणवतो. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चिन्हांपैकी एक असं प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर रंग चढवून तयार झालं.

तरीही कुत्रा लगेच तबकडीवर आला नाही. आधी तो जाहिरातींत दिसू लागला. इंग्लंडमध्ये तबकडीच्या लेबलवर त्याला जागा मिळाली ती 1909 मध्ये.

कोर्टानं घेतलेलं नाव

पुढच्याच वर्षी कंपनीला खरा दणका बसला. 'ग्रामोफोन' हा शब्द आपलं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेण्यासाठी ती कोर्टात गेली होती. 1910 मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की तबकडी वाजवणाऱ्या कुठल्याही यंत्राला लोक आता ग्रामोफोनच म्हणतात, तेव्हा त्यावर एकट्या कंपनीचा हक्क राहत नाही. नाव इतकं लोकप्रिय झालं की ते हातचं गेलं. मग लेबलवर ठळक अक्षरं आली ती चित्राच्या नावाची, 'हिज मास्टर्स व्हॉइस'. त्याचीच आद्याक्षरं म्हणजे एचएमव्ही.

कुत्र्याची वाटणीही झाली. अमेरिकेतला हक्क व्हिक्टर कंपनीकडे होता, तो 1929 मध्ये आरसीएकडे गेला. जपानमध्ये तो व्हिक्टरच्या तिथल्या कंपनीकडे राहिला. जर्मनीत पहिल्या महायुद्धात कंपनीची शाखाच शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाली आणि 1917 मध्ये विकली गेली. तीच आजची डॉइच ग्रामोफोन. तिनं कुत्रा ठेवून घेतला. 1949 मध्ये तो हक्क विकल्यावर तिच्या तबकड्यांवर आज ओळखीची झालेली पिवळी चौकट आली. एकच कुत्रा, देशोदेशी मालक वेगळा!

लंडनच्या कंपनीचं 1931 मध्ये कोलंबियाशी विलीनीकरण होऊन ईएमआय बनली होती. तिला अमेरिकेत कुत्रा वापरता येईना, तेव्हा तिनं 1953 मध्ये तिथं 'एंजल' हा छाप काढला. अडगळीत पडलेला देवदूत कायद्याच्या अडचणीमुळे परत कामाला लागला. भारतातही एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन यांच्या जोडीला एंजलच्या एलपी निघाल्या. सगळ्या आल्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून.

आपल्याकडचा शेवटचा बदल

आपल्या घरात मात्र मुक्काम केला तो कुत्र्यानंच. 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे जी. एन. जोशी पुढे याच कंपनीत अधिकारी झाले आणि त्यांनी मुंबईत अनेक मोठ्या गवयांचं गाणं मुद्रित करून घेतलं. भारतातल्या कंपनीची मालकी 1980 च्या दशकात ईएमआयकडून आरपीजी समूहाकडे आली. मालक बदलला की उसना छाप किती दिवस वापरणार? 2000 मध्ये कंपनी 'सारेगम इंडिया' झाली. काही वर्षं सीडीवर दोन्ही नावं शेजारी शेजारी छापली जात होती, म्हणजे गिऱ्हाईक बिथरणार नाही. पुढे 2017 मध्ये 'कारवां' हा पाच हजार गाणी भरलेला संच आला. त्याचं रूप ठेवलं होतं जुन्या रेडिओचं. नाव नवं घेतलं, पण माल विकताना जुन्या आठवणींचाच आधार घ्यावा लागला.

कंपनी नाव आणि चिन्ह नोंदवू शकते, विकू शकते, गमावूही शकते. त्यांना किंमत मात्र येते ती ऐकणाऱ्यांमुळे, आणि ते कंपनीच्या ताळेबंदाला विचारून नावं बदलत नाहीत. म्हणून कितीतरी घरांत अजूनही एचएमव्हीच म्हटलं जातं.

माळ्यावर जुन्या तबकड्या पडल्या असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी लेबल वाचा. देवदूतासोबत 'टाइपरायटर' हा शब्द दिसला तर ती तबकडी बहुधा 1907 च्या आधीची. 'एंजल' लिहिलेली एलपी असेल तर ती त्यानंतर निदान चार-पाच दशकांनीची. आणि पहिल्या प्रकारची सापडलीच, तर ती संग्राहकाला किंवा संग्रहालयाला दाखवल्याशिवाय घराबाहेर काढू नका.