आजी-आजोबांना ‘पडून राहा’ म्हणू नका!

खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झालेल्या आजी किंवा अर्धांगवायूतून वाचलेले आजोबा घरी आले की सगळे त्यांना सांगतात, ‘आता नुसते पडून राहा.’ त्यामागे माया असते. पण म्हातारपणी हा आराम महागात पडतो. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवल्यावर त्यांच्या पायांतील स्नायूंचा भाग सुमारे एक किलोने घटला होता. आजारी माणसाचे नुकसान याहून कमी कसे असेल?

२०११ च्या जनगणनेनुसार धाराशिव जिल्ह्यातील १०० पैकी ८३ माणसे खेड्यात राहतात. ऑपरेशन सोलापूर, लातूर किंवा बार्शीला होते आणि रुग्ण परततो भूम, लोहारा, वाशी तालुक्यातल्या गावी. तिथे फिजिओथेरपिस्ट रोज येणे अवघड. म्हणून सुट्टी मिळण्याआधीच तीन गोष्टी विचारून घ्या : दुखऱ्या पायावर किती भार द्यायचा? कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा? कोणती हालचाल टाळायची? व्यायाम घरच्यांनी तिथेच करून दाखवावा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा.

बहुतेकांना सांगितले जाणारे व्यायाम साधे असतात. पडल्या पडल्या पावले वर-खाली करणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, हात असलेल्या भक्कम खुर्चीतून उठणे-बसणे आणि वॉकर घेऊन चालणे. एकदम तासभर करण्यापेक्षा थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा करावे. काठी धडधाकट बाजूच्या हातात हवी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. अर्धांगवायूच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांदा निखळू शकतो.

घरातही थोडे बदल करावेत. वाटेतली सतरंजी काढा, उंबऱ्याजवळ आणि संडासच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा, पायात घट्ट बसणारी चप्पल द्या. खुब्याचा सांधा बदलला असेल तर उकिडवे किंवा मांडी घालून बसणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको; तोवर कमोडची खुर्ची वापरा.

एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, जखमेतून पू आला किंवा ताप आला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर १०८ ला फोन करा.

ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेसाठी २०१०-११ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरभेटीची तरतूद आहे. आपल्या गावाला ती कशी मिळेल, हे आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. खासगी फिजिओथेरपिस्ट बोलावताना राज्य परिषदेची नोंदणी पाहा. मालीशवाल्याच्या हाती ऑपरेशन झालेला सांधा देऊ नका.

आरोग्यसेवा दारापर्यंत नेण्याची कल्पना या जिल्ह्याला नवी नाही. तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. योग्य शिकवले तर आजीला खुर्चीतून उठवण्याचे काम घरची सून, मुलगा किंवा कॉलेजातला नातूही करू शकतो. पहिल्या आठवड्यात खाटेपासून दारापर्यंत, पुढे अंगणापर्यंत, मग शेजारच्या ओट्यापर्यंत. डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत रोज चार पावले वाढली, तरी माणूस पुन्हा आपल्या पायांवर उभा राहतो.