मुलांच्या हाती इंटरनेट : पालकांनी घ्यावयाची दक्षता

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय किंवा घाटाखाली काय, अनेक शेतकरी कुटुंबांत एकच स्मार्टफोन असतो. हवामानाचा अंदाज व बाजारभाव त्यावरच कळतात. किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता जमा झाल्याचा संदेशही त्यावरच येतो. सायंकाळी तोच फोन मुलांच्या हाती जातो. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, तेव्हापासून अभ्यासासाठी हे साधन घरोघर मुलांपर्यंत पोहोचले. वडीलधाऱ्यांपेक्षा मुलेच ते अधिक सफाईने वापरतात. परंतु साधन वापरता येणे निराळे आणि त्यातील धोका ओळखता येणे निराळे.

फसवणूक कशी होते?

व्हॉट्सॲपवर किसान योजनेच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारे परके ॲप असते. मुलाने ते उघडून परवानगी दिली की, बँकेचे संदेश व ओटीपी भामट्याच्या हाती जातात आणि बियाणे-खतासाठी राखलेली रक्कम खात्यातून नाहीशी होते.

मुलांना काय शिकवावे?

१. पिशवीवरील लेबल पाहिल्यावाचून जाणता शेतकरी बियाणे घेत नाही. त्याचप्रमाणे पाठविणाऱ्याची खात्री केल्यावाचून कोणतीही फाइल उघडू नये.

२. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही लागत नाही. बक्षिसासाठी पिन मागणारा फसविणाराच समजावा.

३. आपले छायाचित्र, शाळा व घराचा पत्ता अनोळखी व्यक्तीस कळवू नये.

पालकांनीही पिन मुलास सांगू नये. शक्य असल्यास बँकेशी जोडलेले सिमकार्ड वेगळ्या साध्या फोनमध्ये ठेवावे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा पाडली. हा उपक्रम अनुकरणीय आहे. मात्र फोन सुरू असतानाच्या वेळेसाठी शिकवणीच हवी.

या शिकवणीत सर्वांत मोठा अडथळा मुलाच्या भीतीचा असतो. मार बसेल या धाकाने मूल घडलेली गोष्ट लपविते आणि तेवढ्या अवधीत रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविली जाते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे, तितकी ती रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक. छायाचित्रावरून कोणी धमकावीत असेल, तर १०९८ ही बालसाहाय्य सेवा उपलब्ध आहे.

म्हणून शेतकरी बंधुभगिनींनी मुलास आधीच स्पष्ट सांगावे : ‘चूक झाली तरी रागावणार नाही, पण त्याच क्षणी येऊन सांग.’ हे दोन्ही क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर मुलाच्याच हाताने लिहवून घ्यावेत.